विश्लेषण : प्रेक्षकांचा ‘लाडका’ ठरवताना दुसरी पसंती का विचारत नाहीत?

वाहिनीचे पुरस्कार असोत, गाण्याची स्पर्धा असो की गावातल्या मंडळाने घेतलेली ‘आवडता देखावा’ निवड; प्रेक्षकाला प्रश्न एकच असतो, तुमचे मत कोणाला? निकाल लागला की ‘आपली मते फुटली’ ही तक्रारही ठरलेली. नांदेड आणि लातूरमधल्या हजारो शिक्षकांना व पदवीधरांना मात्र दर सहा वर्षांनी वेगळा प्रश्न विचारला जातो. पहिली पसंती कोण, दुसरी कोण, तिसरी कोण? विधान परिषदेची ही पसंतीक्रमाची पद्धत प्रेक्षक-पसंतीच्या पुरस्कारांना लावली तर काय बदलेल आणि काय तसेच राहील, याचा हा आढावा.

लातूरच्या रोहितला किती जणांची दुसरी पसंती होती?

झी मराठीवरच्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ची महाअंतिम फेरी फेब्रुवारी २००९ मध्ये झाली. त्या पर्वाची ‘पंचरत्ने’ घराघरांत पोहोचली होती. आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. कार्तिकी विजेती ठरली. तिच्या गाण्याबद्दल वाद नव्हता आणि आजही नाही. मात्र त्या काळात गावोगावचे लोक आपापल्या मुलासाठी एसएमएस करत होते आणि प्रत्येक एसएमएसमध्ये एकाच स्पर्धकाचे नाव मावत होते.

पुण्यातल्या ज्या घराने आर्याला मत दिले, त्या घराला दुसरा कोण आवडत होता? अलिबागकरांना मुग्धानंतर कोण? कदाचित कार्तिकीच, कदाचित रोहित. याचे उत्तर आज कोणीही देऊ शकत नाही, कारण ते कधी विचारलेच गेले नाही. रोहित पुढे २०२० मध्ये हिंदी ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात उपविजेता ठरला, म्हणजे लातूरबाहेरही त्याला चाहते होते हे उघड आहे. पण २००९ साली ‘माझा पहिला दुसरा कोणी, पण दुसरा रोहितच’ असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाला ते सांगायला जागाच नव्हती.

एकच मत मागितले की माणूस आधी आपल्या गावचा विचार करतो. त्यात गैर काही नाही. पण मग स्पर्धा गाण्याइतकीच कोणत्या शहरात फोन किती आहेत, याचीही होऊन बसते. मुंबई-पुण्यापुढे लातूर-नांदेडचा स्पर्धक इथे मार खातो, आणि त्याला बाहेरून मिळू शकणारी दुसऱ्या पसंतीची मते मोजलीच जात नाहीत.

हाच घोळ नांदेडने मोठ्या निवडणुकीत कसा पाहिला?

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेडमध्ये भाजपचे प्रताप पाटील चिखलीकर यांना ४ लाख ८६ हजार ८०६ मते मिळाली. तेव्हा काँग्रेसमध्ये असलेले अशोक चव्हाण ४ लाख ४६ हजार ६५८ मतांवर थांबले. फरक ४० हजार १४८ मतांचा. वंचित बहुजन आघाडीचे यशपाल भिंगे यांनी घेतलेली मते होती १ लाख ६६ हजार १९६, म्हणजे फरकाच्या चौपटीहून अधिक.

त्यानंतर मतविभाजनाची चर्चा कितीतरी दिवस चालली. ‘वंचित’मुळे चव्हाण पडले असे एक बाजू म्हणाली. आमची मते मुळात काँग्रेसची नव्हतीच, असे दुसरी बाजू म्हणाली. दोन्ही बाजूंकडे पुरावा नव्हता आणि असणे शक्यही नव्हते. भिंगे यांना मत देणाऱ्याची दुसरी पसंती चव्हाण होते, चिखलीकर होते की कोणीच नव्हते, हे मतदान यंत्राने विचारले नाही. एक बटण दाबले, विषय संपला. म्हणून ‘मते फुटली’ हे वाक्य आपल्याकडे निवडणुकीनंतर वर्षानुवर्षे वापरले जाते. ते खोडताही येत नाही आणि सिद्धही करता येत नाही.

पसंतीक्रमाची मोजणी नेमकी चालते कशी?

विधान परिषदेच्या पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघात मतदान यंत्र नसते, मतपत्रिका असते. केंद्रावर मिळणाऱ्या जांभळ्या शाईच्या स्केच पेनने उमेदवाराच्या नावापुढे १ लिहायचा, मग हवे असेल तर दुसऱ्या नावापुढे २, तिसऱ्यापुढे ३. पहिली पसंती सक्तीची, बाकीच्या ऐच्छिक. आकडा देवनागरीत, इंग्रजीत किंवा रोमन पद्धतीने चालतो. अक्षरात ‘एक’ लिहिले, बरोबरची खूण केली, सही ठोकली किंवा दोघांपुढे १ लिहिला तर मत बाद. मतदार सगळे पदवीधर असूनही दर निवडणुकीत अवैध मतांचा आकडा हजारांत जातो, हे सांगायलाच हवे.

एकूण वैध मतांच्या निम्म्यात एक मिळवला की येतो तो कोटा. कोणी पहिल्याच फेरीत कोटा गाठला तर निकाल तिथेच. नाही गाठला तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांच्या गठ्ठ्यांत जातात. कोणी कोटा गाठेपर्यंत किंवा दोघेच उरेपर्यंत हे चालू राहते. दोघेच उरले आणि कोटा कोणाचाच पूर्ण होत नसेल तर ज्याची मते जास्त, तो विजयी.

हे आकड्यांत पाहू. समजा नांदेड-लातूरच्या १०० प्रेक्षकांना ‘आवडता गायक’ निवडायचा आहे. ‘क’ नांदेडचा, ‘ख’ लातूरचा, ‘ग’ उदगीरचा आणि ‘घ’ देगलूरचा. पहिल्या पसंतीची मते क ३८, ख २७, ग २२, घ १३. नेहमीच्या पद्धतीत ‘क’ जिंकला आणि करंडक घेऊन घरी गेला. त्याच्या विरोधात ६२ जण होते, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पसंतीक्रमात कोटा ५१. कोणीच तिथे पोहोचलेला नाही, म्हणून ‘घ’ बाद. त्याच्या १३ मतपत्रिकांवर दुसरे नाव ५ जणांनी ‘क’चे, ६ जणांनी ‘ग’चे आणि दोघांनी ‘ख’चे लिहिलेले निघाले. आता क ४३, ख २९, ग २८. ‘ग’ अवघ्या एका मताने मागे राहिला आणि बाद झाला. त्याच्या गठ्ठ्यात आता २८ मतपत्रिका आहेत. स्वतःच्या २२ पैकी १८ ‘ख’कडे जातात, २ ‘क’कडे, आणि दोघांनी पुढे काहीच लिहिलेले नाही, म्हणून त्या मतपत्रिका मोजणीतून बाजूला पडतात. ‘घ’कडून आलेल्या ६ पैकी ४ ‘ख’कडे, २ ‘क’कडे. शेवटी क ४७, ख ५१. पहिल्या फेरीत ११ मतांनी मागे असलेला लातूरचा ‘ख’ जिंकला.

लातूर जिल्ह्याची मते लातूर आणि उदगीरच्या दोन स्पर्धकांत वाटली गेली होती, ती शेवटी बहुतांश एकत्र आली. ‘ग’च्या चाहत्याला मत वाया जाण्याची भीती न बाळगता आधी उदगीरलाच मत देता आले. पुरस्काराच्या दृष्टीने या पद्धतीचा हा सगळ्यात मोठा फायदा. ‘मनातला वेगळा आहे, पण निवडून येणाऱ्यालाच देतो’ हा हिशेब प्रेक्षकाला फारसा करावा लागत नाही.

मराठवाड्यात दुसऱ्या पसंतीची वेळ कधी आली?

नेहमी येत नाही. औरंगाबाद विभाग पदवीधर मतदारसंघात २०२० च्या डिसेंबरमध्ये सतीश चव्हाण यांना पहिल्या पसंतीचीच १ लाख १६ हजार ६३८ मते मिळाली, भाजपचे शिरीष बोराळकर यांना ५८ हजार ७४३. कोटा तिथेच पार झाला, दुसरी पसंती उघडण्याची गरज पडली नाही.

शिक्षक मतदारसंघात मात्र २०२३ मध्ये चित्र वेगळे होते. विक्रम काळे आघाडीवर होते, पण पहिल्या पसंतीत कोटा पूर्ण झाला नाही. मग एकेक उमेदवार बाद करत मोजणी पुढे न्यावी लागली आणि त्यानंतर काळे विजयी झाले. त्याच वेळी अमरावती पदवीधरची मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली आणि बाद फेऱ्यांनंतर काँग्रेसचे धीरज लिंगाडे यांनी भाजपचे रणजित पाटील यांना हरवले. या मोजण्यांना वेळ लागतो, प्रतिनिधींची झोप उडते. पण निकालानंतर कोणाची मते कुठे गेली याचा फेरीनिहाय तक्ता असतो. नांदेडच्या २०१९ च्या वादात नेमका तोच नव्हता.

पुरस्कारांत ही पद्धत कोण वापरते?

सर्वांत जुने आणि बोलके उदाहरण विज्ञानकथांच्या ह्यूगो पुरस्कारांचे. १९५३ पासून दिले जाणारे हे पुरस्कार जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सभासद, म्हणजे शुल्क भरणारे वाचकच ठरवतात. अंतिम फेरीत नामांकनांना क्रम द्यायचा असतो, आणि यादीत ‘पुरस्कार नको’ हाही एक पर्याय असतो. त्यालाही क्रम देता येतो. ऑस्करमध्येही सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकने २००९ च्या चित्रपटांपासून दहावर नेली, तेव्हापासून तो विजेता पसंतीक्रमाने निवडतात; तिथले मतदार अर्थात प्रेक्षक नसून अकादमीचे सभासद असतात.

ह्यूगोचा अनुभव आपल्या आयोजकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. २०१५ मध्ये काही गटांनी ठरवून याद्या फिरवल्या आणि बऱ्याच विभागांची नामांकने त्याच यादीतल्या नावांनी भरून टाकली. नामांकनाच्या टप्प्यावर पसंतीक्रम नव्हता, प्रत्येकाला पाच नावे सुचवता येत होती. त्यामुळे संघटित थोड्या लोकांनी विखुरलेल्या अनेकांना मागे टाकले. अंतिम फेरीत बाकीच्या सभासदांनी पाच विभागांत ‘पुरस्कार नको’ यालाच वर ठेवले आणि तिथे कोणालाच पुरस्कार मिळाला नाही. पुढे नामांकनाचे नियम बदलले, २०१७ पासून ते लागू झाले.

मराठीत गाडी याच्याही आधी अडते. वाहिनीच्या स्वतःच्या पुरस्कारांत नामांकने त्याच वाहिनीच्या मालिकांची असतात. ताटात काय वाढायचे ते आधीच ठरले असेल तर आधी भाजी खायची की आमटी, एवढाच प्रश्न प्रेक्षकाकडे उरतो.

पसंतीक्रम आला की अन्याय संपतो?

नाही. वरच्या उदाहरणातल्या उदगीरच्या ‘ग’कडे पुन्हा पाहू. ‘क’ला पहिले मत देणाऱ्या ३८ जणांनी दुसरे नाव कोणाचे लिहिले होते? ते कधी पाहिलेच गेले नाही, कारण ‘क’ शेवटपर्यंत शर्यतीत होता. समजा त्यातल्या ३० जणांनी ‘ग’ला ‘ख’च्या वर ठेवले होते. तर फक्त ‘ग’ आणि ‘ख’ यांच्यात सामना झाला असता तेव्हा ‘ग’ला किमान ५८ मते मिळाली असती. ‘ख’च्या २७ पैकी २५ जणांना ‘क’पेक्षा ‘ग’ बरा वाटत असेल, तर ‘ग’ने ‘क’लाही ५३ मते मिळवून हरवले असते. म्हणजे दोघांनाही समोरासमोर हरवू शकणारा गायक एका मताने तिसरा राहून आधीच घरी गेला.

हे कागदावरचे कोडे नाही. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात ऑगस्ट २०२२ च्या पोटनिवडणुकीत मेरी पेल्टोला जिंकल्या, सारा पेलिन दुसऱ्या आल्या आणि निक बेगिच तिसरे राहून बाद झाले. नंतर मतपत्रिका तपासल्या तेव्हा बेगिच यांनी दोघींनाही समोरासमोर हरवले असते असे दिसले. सर्वांना बऱ्यापैकी आवडणारा, पण फार थोड्यांचा पहिला, असा उमेदवार या पद्धतीत सापटीत सापडतो. तीन किंवा अधिक पर्याय असतील तर सगळ्या वाजवी अटी एकाच वेळी पाळणारी क्रमाची पद्धत असूच शकत नाही, हे अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९५१ मध्येच गणिताने दाखवले.

तरीही एक मोठा फरक उरतो. ‘ग’वर अन्याय झाला हे सांगता येते, कारण त्या ३८ जणांची दुसरी पसंती मतपत्रिकेवर लिहिलेली आहे, फक्त मोजलेली नाही. आयोजकाने मतपत्रिकांची आकडेवारी खुली केली तर ती कोणालाही तपासता येते. एकाच मताच्या पद्धतीत तपासायला काही शिल्लकच राहत नाही.

एकाच फोनवरून पन्नास मते आली तर?

खरी मेख इथे आहे, आणि पसंतीक्रमाचे कौतुक करणारे ती बऱ्याचदा विसरतात. एसएमएसच्या काळात एकाच मोबाइलवरून कितीही मते जात. साध्या एसएमएसपेक्षा त्याचा दर जास्त असे, म्हणजे जितकी मते तितके पैसे. अशा ठिकाणी १, २, ३ लिहून घेतले तरी पन्नास मते पाठवणाऱ्याची पन्नासच राहतात. फक्त ती क्रमवार मोजली जातील.

ह्यूगोलाही यातून सुटका मिळाली नाही. २०२४ च्या ग्लासगो संमेलनात आलेल्या ३ हजार ८१३ मतांपैकी ३७७ मते आयोजकांनी रद्द केली. शुल्क भरून सभासद झालेल्या त्या ‘मतदारांत’ आडनावाचे फक्त पहिले अक्षर बदललेल्या नावांची रांग होती, क्रमाने येणारे आकडे भाषांतरित करून बनवलेली नावेही होती. ही मते एकाच नामांकनाच्या बाजूने होती. समितीने हे स्वतःहून जाहीर केले आणि त्या स्पर्धकाला याची कल्पना असल्याचा पुरावा नाही, हेही सांगितले. मत मोजण्याची पद्धत चांगली होती. राखण करणारी माणसे जागी होती म्हणून निकाल वाचला.

त्यामुळे आधी एका माणसाला एक मतपत्रिका, मग पसंतीक्रम. ही क्रमवारी उलटी केली तर खटाटोप वाया जातो.

मग वाहिन्या हे का करत नाहीत?

एक कारण सोयीचे आहे. वीस-पंचवीस विभाग आणि प्रत्येकात पाच नावे असतील तर प्रेक्षकाला शंभरावर आकडे भरावे लागतील. कोणी भरणार नाही. म्हणून ही पद्धत सगळीकडे लावण्यात अर्थ नाही, दोन-तीन मुख्य पुरस्कारांना पुरेशी आहे. दुसरे कारण धंद्याचे आहे. पुन्हा पुन्हा मत द्यायला लावणे म्हणजे प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा ॲपवर आणणे. एकदाच क्रम लिहून मोकळा झालेला प्रेक्षक वाहिनीच्या तितक्या कामाचा नाही. हा त्यांचा हिशेब समजण्यासारखा आहे. पण मग विजेत्याला ‘महाराष्ट्राचा’ वगैरे म्हणण्याऐवजी ‘सर्वाधिक मते आलेला’ एवढेच म्हणावे. दोन्हींत अंतर आहे.

गावातल्या स्पर्धेत हे जमेल का?

मोठ्या वाहिनीपेक्षा इथेच ते सोपे आहे. एखाद्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, एकांकिका स्पर्धेच्या ‘प्रेक्षक पसंती’ पारितोषिकासाठी किंवा गणेशोत्सवातल्या स्पर्धेत तीनशे प्रेक्षक आणि पाच नावे असतील तर प्रवेशिकेच्या मागच्या बाजूलाच नावे छापता येतात. आत येताना एक प्रवेशिका, जाताना ती पेटीत. एका माणसाला एक मतपत्रिका हा प्रश्न दारातच सुटला. किमान तीन नावांना क्रम द्यावा असे आवाहन करावे, सक्ती नको.

मोजताना पाच नावांचे पाच गठ्ठे करायचे. सर्वांत लहान गठ्ठा उचलून त्यातल्या प्रत्येक कागदावर पुढचे नाव पाहायचे आणि तो कागद त्या नावाच्या गठ्ठ्यावर ठेवायचा. पुढचे नाव आधीच बाद झालेले असेल तर त्याच्या पुढचे. प्रत्येक फेरीनंतर पाचही आकडे फळ्यावर लिहायचे, स्पर्धकांचा एकेक माणूस शेजारी उभा ठेवायचा. गणकयंत्रही लागत नाही. चार माणसांना तासाभरात उरकणारे काम आहे.

नियम मात्र पेटी उघडण्याआधी लिहून ठेवायला हवेत, विशेषतः बरोबरीचा. तळाच्या दोघांची मते सारखी झाली तर आधी कोणाला बाद करायचे, यावर सगळा निकाल फिरू शकतो. पहिल्या फेरीत ज्याची मते कमी तो आधी जाईल असे ठरवता येते. तिथेही बरोबरी असेल तर चिठ्ठी टाकायची, आणि ती सगळ्यांसमोर.